चोपडीतला भाऊ

"तू कोनासंगं जेवतं?"

कोणतंही पोरगं समोर आलं की बावाजींचा पहिला प्रश्न हा असायचा. नाव नंतर, गाव नंतर, बाप कोण तेही नंतर. कानावरचा बोरू काढायचा, जिभेच्या टोकानं ओला करायचा, मांडीवरचा कागद तळहातानं सारखा करायचा आणि विचारायचं, तू कोनासंगं जेवतं. पोरगं गोंधळायचं. इकडेतिकडे बघून शेवटी दुसऱ्या एखाद्या पोराकडे बोट दाखवायचं. "त्याच्यासंगं."

"हां. मंग झालं त," बावाजी म्हणायचे, आणि त्या दोघांची नावं एका ओळीत लिहून टाकायचे.

भाट तुम्हीही पाहिले असतील. वर्षा-दोन वर्षांनी टट्टू घेऊन येतात, ओट्यावर बसतात, तांबड्या फडक्यातली वही सोडतात आणि घराच्या सात पिढ्या मोठ्या आवाजात वाचतात. मग मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं, कोणती मुलगी कुठे दिली ते लिहून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातात. आमचे बावाजी जातीनं आणि धंद्यानं असेच भाट होते. फक्त मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कोणाच्या ओट्यावर नाही, तर अमरावतीच्या परकोटाबाहेर, कापसाचे रेचे चालायचे त्या वाड्यात, पन्नास बायका आणि त्यांच्या शंभरेक पोरांच्या मधोमध.

ती कापसानं वऱ्हाडाला वेड लावल्याची वर्षं. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेला आमचा कापूस हवा होता. हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला आहे, वाटेवर गाडीला गाडी लागली आहे आणि खेड्यांतली माणसं अमरावतीला लोटली आहेत. माझे वडील गाडीवान. कापूस घेऊन गेले की दोन-दोन महिने तोंड दिसायचं नाही. आई रेच्यावर. रेचा म्हणजे दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करायचं लाकडी यंत्र, हातानं फिरवायचं. दिवस मावळेपर्यंत त्यांचा कुईकुई आवाज चाले आणि रुईचे तंतू आमच्या केसांत, भुवयांत, नाकात बसत. संध्याकाळी सगळी पोरं म्हातारी दिसायची.

बावाजी तिथे कसे आले, हे त्यांनीच आम्हाला दहादा सांगितलं असेल. अचलपूरकडच्या एका पाटलानं त्या वर्षी आपल्या गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. चांदीच्या धावांची गाडी आणि वहीत पणजोबा म्हशी राखणारा, हे काही त्याला जुळेना. त्यानं बावाजींना ओट्यावर बसवून दूध पुढे ठेवलं आणि सांगितलं, पणजोबाच्या हातात तलवार लिहा, एक घोडा लिहा, जमलं तर एखादी लढाई लिहा.

"म्या म्हटलं, तुहा पनजा म्हशी राखे, बापा. चांगल्या राखे. त्याची एक म्हैस कधी हरपली नाई. थे लिवलं हाये. आता याच्याहून मोठं काय लिवू?"

दुधाचा पेला तिथेच राहिला. गोष्ट आसपासच्या गावांत पसरली. चांदीच्या धावा सगळ्यांनाच परवडत नसल्या तरी तलवारीवाला पणजोबा सगळ्यांनाच हवा होता, आणि तो लिहून देणारे दुसरे भाट होते. बावाजींचे ओटे तुटले. अकोल्याकडे आपल्या घरी परत निघाले, तर आमच्या वाड्याच्या फाटकाशी टट्टू लंगडं झालं. तिथल्या निंबाखाली उतरले ते उतरलेच. "टट्टू लंगडलं मनून मी पोट्ट्यायचा भाट झालो," असं म्हणून ते असे हसायचे की जणू टट्टवानं त्यांच्यावर उपकारच केले.

पोरांसाठी त्यांनी चोपड्या केल्या. बाळापूरचा कागद, तळहाताएवढा कापलेला. शिवायला रेच्यावरच्या बायकांनी कातून दिलेलं सूत. वर जुन्या लुगड्याच्या पदराचं कव्हर. शाई घरची, काजळ आणि बाभळीचा डिंक. त्यांची मोठी वही मोडीत होती, कोणाला वाचता येऊ नये अशी, पण पोरांच्या चोपड्यांत ते बाळबोध लिहायचे, एकेक अक्षर बोटभर. "पोराच्या चोपडीत अक्षर उभं पायजे," म्हणायचे, "आडवं अक्षर पाहून पोरगं झोपी जाते."

एकेका पोराची एकेक चोपडी. तीत ते पोर, ते कोणाबरोबर जेवतं, त्याला कोण हाका मारतं, ते कशाला भितं, आणि मग त्याचं काय काय झालं, अशी गोष्ट. दर चार-आठ दिवसांनी दोन ओळी वाढायच्या. अमावास्येला रेचे बंद असत. त्या दिवशी दुपारी निंबाखाली सगळे जमायचे आणि बावाजी चोपड्या वाचायचे. वाचायचे म्हणजे राजाची वंशावळ वाचावी तसे, छाती भरून, हात वर करून. ज्या पोरांना घरीदारी "ए पोट्ट्या" याखेरीज कोणी हाक मारली नव्हती, त्यांची पूर्ण नावं त्या आवाजात ऐकू यायची. पोरं ताठ बसायची. आयांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या रुई गेली डोळ्यांत.

माझ्या चोपडीतली पहिली ओळ मला अजून पाठ आहे. "गोदीले ठेचा झोंबते, म्हनून थे तुळशीरामाले देते. अन वरून म्हनते, तुह्यासाठी राखला."

सगळा वाडा हसला. मी बावाजींशी तीन दिवस बोलले नाही. ती ओळ खोडा म्हणून हटून बसले. पण बावाजी खोडत नसत. पोरांची भांडणं झाली की हेच व्हायचं, "बावाजी, त्याले माह्या चोपडीतून खोडा!" असं ओरडत पोरं यायची, आणि बावाजी शांतपणे खाली लिहायचे, "आज भांडले." दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली, "आज बोलले." काही चोपड्यांत तर पानंच्या पानं तीच आहेत. मी एकदा विचारलं, काहून खोडत नाही. म्हणाले, "मेल्या मानसाचं नाव वहीत रायते, पोरी. खोडलेल्याचं काय रायते?"

हा तुळशीराम मावशीबरोबर वाड्यात आला होता. त्याचे आईबाप एकाच आठवड्यात पटकीनं गेले. मावशी आमच्याच जातीची, माळी, आईच्या शेजारच्या रेच्यावर बसायची. तुळशीराम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोलायचा कमी. ठेचा मात्र कितीही द्या, खायचा. दुपारी आम्ही एकाच फडक्यावर जेवायचो, आणि तो आपली अर्धी भाकर फडक्यात बांधून ठेवायचा. संध्याकाळी मिळेल की नाही याची त्याला कधी खात्री नसे. त्याच्या चोपडीत बावाजींनी तेही लिहिलं होतं.

मावशीनं दुसरा पाट लावला. नव्या घरी पोरगं नको होतं. त्या दिवसांत लोहमार्गाचा भराव पडत होता आणि पाट्या वाहायला पोरं जमवत मुकादम हिंडायचे. त्यातला एक फाटकाशी गाडी लावून उभा राहिला. आत सहा-सात पोरं आधीच बसलेली. मावशीनं तुळशीरामाचा हात त्याच्या हातात दिला आणि मागे न बघता निघून गेली. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिलाही कुठे तरी जाऊन राहायचं होतं.

बावाजी निंबाखालून उठले. त्यांना मी घाईनं उठताना त्या एकाच वेळी पाहिलं. फाटकात आडवे उभे राहिले.

"हे पोरगं कोनाचं, मुकादम?"

"कोनाचंच नाई. मनून त नेतो."

बावाजींनी वाड्याकडे पाहिलं. पन्नास रेचे चालू होते. त्यांनी नेमकं माझ्या आईकडे पाहिलं. आई रेचा फिरवत होती. दांडा दोनदा फिरला. मग ती म्हणाली, "माहं."

बस, एवढंच. बावाजींनी तिथेच धुळीत बसून मोठी वही सोडली. मुकादमानं हात सोडलेला नव्हता. बावाजींनी मला जवळ बोलावलं. "गोदे, हा तुह्यासंगं जेवते ना? मंग तुहा भाऊ लिवू का?"

"लिवा," मी म्हटलं. "लवकर लिवा!"

मी असं म्हटलं होतं, हे विसरू नका. मीही विसरलेली नाही.

त्यांनी लिहिलं. माझ्या वडिलांचं नाव, त्याचा थोरला लेक तुळशीराम, गोदावरीचा भाऊ, आणि पुढे आमच्या घराचं देवक. मग उभे राहून ते सगळं त्या अमावास्येच्या आवाजात मुकादमाला वाचून दाखवलं. भाटाच्या वहीला तेव्हा माणसं भीत असत. वहीतलं माणूस पळवणाऱ्याचा वंश बुडतो असं म्हणत. मुकादमानं हात सोडला, गाडी हाकली. त्या गाडीतल्या बाकीच्या पोरांकडे बावाजी बघत राहिले. बराच वेळ. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन महिन्यांनी वडील परतले तर घरात एक लेक वाढलेला. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "याले बैल हाकता येते काय?" येतात म्हटल्यावर विषय संपला. आमच्याकडे मोठमोठे निर्णय असेच व्हायचे. शब्दांची उधळपट्टी करायला कोणाला वेळ नव्हता.

पुढची वर्षं चांगली गेली असं मी म्हणते, पण लोक म्हणतील वाईट गेली. तिकडची लढाई संपली. कापूस जसा चढला तसाच खाली आला. वाड्यातले रेचे एकेक करून थांबले आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. बायका पोरं घेऊन आपापल्या गावी पांगल्या. जाताना प्रत्येक पोराच्या कमरेला चोपडी खोचलेली होती. बावाजी फाटकात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, "चोपडी भिजवू नोको. भिजली त वाळवजो. फाटली त शिवजो." चांदीच्या धावा तोवर मोडीत निघाल्या होत्या. तो पाटील बावाजींकडे माणूस पाठवून म्हणे विचारत होता की म्हशीवाला पणजोबा अजून वहीत आहे का. बावाजींनी निरोप धाडला, "हाये. वाट पाहून राहिला."

आम्ही मात्र परकोटाबाहेरच राहिलो. आईनं एक वाफा खंडानं घेतला आणि वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावली. तुळशीराम मोट हाकायचा, मी पाणी वळवायची. रोज. पाट फोडायला मी पुढे पळायची आणि तो विहिरीवरून मोटेची गाणी म्हणायचा, बेसूर. मला दुसऱ्या कोणाचं गाणं आवडलं नाही, मग ते कितीही सुरात असो.

माझ्या लग्नाची बोलणी निघाली. पाटावर बसायचं वय आमच्या रीतीप्रमाणे होऊनच गेलं होतं. आई एका दुपारी वडिलांना म्हणाली, "बाहेर काहून देता पोरीले? तुळशा काय वाईट हाये?" वडील मेथीची जुडी बांधत होते. त्यांनी जुडी बांधून संपवली आणि म्हणाले, "माह्याबी मनात थेच होतं." मी भिंतीआड होते. त्या दुपारी मला काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही. एवढंच आठवतं की मी वाफ्यात गेले आणि उगीचच सगळ्या वांग्यांना पाणी दिलं. सकाळीच दिलेलं होतं.

प्रेम वगैरे शब्द आम्हाला ठाऊक नव्हते. मला इतकंच हवं होतं की ती विहीर, तो वाफा आणि तो बेसूर आवाज यांच्यापासून मला कोणी उचलून नेऊ नये. मला तेच हवं होतं आणि दुसरं काही नको होतं. आता या वयात ते सरळ लिहायला लाज कसली.

हरकत घेतली ती चुलत्यानं. "भाटाच्या वहीत थो भाऊ हाये," तो म्हणाला. "आपलं देवक लागलं त्याले. भाऊ-बहिनीचं लगन लावता काय?" पंच बसले. त्यांनी खूप पान-तंबाखू खाल्ला आणि निवाडा दिला. पोरगं मूळचं वेगळ्या कुळातलं, वेगळ्या देवकाचं, हे खरं. पण वहीत लिहिलं तेही खरं. लिहिलं भाटानं, तर खोडेलही भाटच. त्यानं ओळ खोडली तर पोरगं आपल्या मूळ कुळात जाईल आणि लग्न लागेल. नाही खोडली तर नाही.

बावाजींना निरोप गेला. ते अकोल्याकडे होते, यायला पंधरा-वीस दिवस लागले. ते दिवस मी मोजले. बावाजी खोडत नसतात हे मला ठाऊक होतं. पण मला हेही वाटत होतं की माझ्यासाठी खोडतील. तुळशीरामाशी या विषयावर मी बोलले नाही, तोही बोलला नाही. मोटेवर गाणं मात्र बंद झालं होतं. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

पंच आमच्या अंगणात बसले होते. भर दुपार. बावाजी आले, पाणी प्यायले, वही सोडली आणि ते पान काढलं. सगळ्यांना वाटलं आता नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "चूक माही हाये."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मुकादमाचा हात पाहून म्या घाई केली. सोयरा लिवला असता तरी पोरगं सुटलं असतं. म्या भाऊ लिवला. पोट्टी पोट्टी म्हनून पाहत होतो, पोट्टी मोठी होते हे ध्यानातच नाई राहिलं." त्यांनी कानावरचा बोरू काढला. "आजवर एक ओळ खोडली नाई म्या. हे खोडतो. पन आधी इचारीन."

ते तुळशीरामाकडे वळले. "बोल, बापू. तुही काय मर्जी?"

तुळशीराम दाराशी उभा होता. त्याची चोपडी त्यानं आणली होती, का आणली होती कोण जाणे. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"खोडलं त मंग मी कोनाचा, बावाजी?"

"अरे, आमचा जावई होशीन ना!" वडील हसून म्हणाले.

"जावयाले काढून देता येते," तुळशीराम म्हणाला. "लेकाले नाई देता येत." मग माझ्याकडे न बघता, खाली मान घालून, "राहू द्या ना थे. मले तेवढंच त हाये."

एवढा बाप्या, मोट ओढणाऱ्या बैलांना एका हाताखाली ठेवणारा, पण फडक्यात अर्धी भाकर बांधणाऱ्या पोराचाच आवाज होता तो.

मग बावाजी माझ्याकडे वळले. पंच चुळबुळले. पोरीला कोणी विचारत नसे. एक जण म्हणालाही, "थिले काय इचारता?" बावाजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"गोदे. तुही काय मर्जी?"

मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी ओळ खोडली असती. बोरू शाईत बुडवलेला होता. वडील माझ्या बाजूचे होते, आई होती, पंचांना तर काय, लवकर उठून जेवायचं होतं. तुळशीरामाचं कोणी ऐकलं नसतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. चोपडी त्यानं इतकी घट्ट धरली होती की लुगड्याचं जुनं कव्हर उसवत होतं.

"राहू द्या, बावाजी," मी म्हटलं. "भाऊच बरा."

बावाजी माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हा सांग."

"भाऊच बरा."

त्यांनी बोरू पुसला. वही मिटली, तांबडं फडकं बांधलं. आईनं चून-भाकर केली होती, ते जेवायला थांबले नाहीत. टट्टवावर वही घालताना त्यांच्या हातून गाठ बसेना. दोनदा सुटली. शेवटी तुळशीरामानं बांधून दिली.

मला अकोल्याला दिलं. नवरा चांगला माणूस होता. जेवताना मीठ कमी पडलं तरी बोलला नाही, जास्त पडलं तरी बोलला नाही. त्याच्याशी मी सुखानं संसार केला आणि तो खोटा नव्हता. दर दिवाळीला तुळशीराम मला न्यायला गाडी घेऊन यायचा, भाऊ येतो तसा, वेळेवर, नवं लुगडं घेऊन. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी त्याचं लग्न झालं. वहिनी सोज्वळ आहे. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, तो ताटात ओवाळणी टाकतो आणि दरवेळी विचारतो, "बरं हाये ना, गोदे?" बरं असतंच.

बावाजी त्यानंतर एकदाच भेटले. मला दोन मुलं झाली होती. मी दारात सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते, घरात कोणी नव्हतं. टट्टू दुसरं होतं, बावाजी तेच. फक्त वाकले होते. ओट्यावर बसून त्यांनी वही सोडली, मुलांची नावं विचारून लिहिली, बापाचं नाव लिहिलं, आजोळ लिहिलं. "मामा तुळशीराम" इथे हात थांबला.

"त्या दिशी तू खोटं बोलली, माय."

इतकी वर्षं मला कोणी हे म्हटलं नव्हतं. कोणी म्हणणार नाही हे मी धरून चालले होते. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"हो, बावाजी."

"म्या जानलं होतं. जानूनबी वही मिटली."

"बरं केलं."

"बरं केलं का नाई, थे मले आजूक समजून नाई राहिलं," ते म्हणाले. "थो पोरगा माह्या डोयापुढं होता. तूबी होती. एकाचं घेतल्याबिगर दुसऱ्याले देता येत नव्हतं." वहीवरून हात फिरवून म्हणाले, "मानसायचं जे समजलं थे सारं लिवलं म्या. तुहं तेवढं नाई लिवलं. कुठीच नाई."

मी रडले. लग्नात रडले नव्हते तेवढी रडले. बावाजींनी समजूत घातली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मी पदरानं तोंड पुसलं तेव्हा म्हणाले, "काही जेवाले हाये का?" मी भाकर वाढली, आंबाडीची भाजी वाढली. त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्यांना असं समोर बसवून वाढताना मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस माझ्या घरी भाकर खात होतं. ते बाळापूरच्या वाटेला लागले, वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी ओट्यावर उभी होते. आता दर दोन वर्षांनी येतील असं मी मनाशी धरलं होतं.

दोन वर्षांनी त्यांचा पुतण्या आला. वही घेऊन. बावाजी पौषात गेले म्हणाला, शेवटपर्यंत जाग होती, त्रास झाला नाही. पोरगा चांगला आहे, वाचतोही खणखणीत. मी त्याला आमचं पान वाचायला लावलं. त्यानं वाचलं. गोदावरी, तिचे वडील अमुक, तिचा थोरला भाऊ तुळशीराम. मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा वाचलं. तेवढंच होतं. बावाजी शब्दाचे पक्के होते. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला, काही चुकलं का विचारू लागला. मी म्हटलं, नाही, बाबा, सगळं बरोबर आहे.

तेव्हापासून ओट्यासमोर टट्टवाच्या टापा वाजल्या की मी अजून उठते. पुतण्या येतो हे ठाऊक असूनही उठते.

माझी चोपडी माझ्याजवळ आहे. बोटभर अक्षरांवरूनच मी वाचायला शिकले, आणि वाचता वाचता लिहायला. बावाजींनी जे लिहिलं नाही ते आज मी लिहून काढलं. परवा दिवाळी. तुळशीराम येईल, याच ओट्यावर बसेल, कदाचित हे कागद उचलून बाजूला ठेवून बसायला जागा करील. त्याला अक्षरओळख नाही, म्हणून हे एवढं मोकळेपणानं लिहिता आलं. ज्यांनी वाचावं असं वाटत होतं, ते आता नाहीत.